कुसुमच्या घरातली पीं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. छताच्या कोपऱ्यात जाळं धरतं तसे ते धरतात. एक दिवस मान वर करून बघावं तर हे एवढं! आमच्या लखनौच्या बिल्डिंगीत तर ते खरोखरच छताला लागलेत. पलीकडच्या बिल्डिंगीतला एक फ्लॅट जळला, आतला माणूस गेला. मग आमच्या सोसायटीने घाबरून घरोघरी छताला एकेक पांढरा गोल डबा ठोकला. स्मोक अलार्म. धूर झाला की बोंब मारणारा. इथे आम्ही मराठी घरं चार. माझा मुलगा प्रकाश रेल्वेत इंजिनियर, म्हणून मी इथे. थंडीत दुपारी आम्ही बायका गच्चीवर उन्हाला बसतो आणि या डब्यांबद्दल बोलतो. दुसरं आहे काय आमच्याकडे!

* * *

पहिला मान माझ्या फोडणीला मिळाला. कढईत मोहरी तडतडली, हिंग पडला, सुक्या मिरच्या पडल्या आणि डोक्यावर जे काय किंचाळलं! मी पळी टाकून भिंतीला चिकटले. गार्ड वाळूची बादली घेऊन धापा टाकत वर आला.

"माताजी, आग कहाँ है?"

"आग नहीं भैया, वरण है!"

त्याने बादली खाली ठेवली, वास घेतला आणि म्हणाला, "तो फिर थोड़ा दे दीजिए." पोटभर जेवून गेला. बादली मात्र आमच्या दारातच राहिली. येणारा जाणारा विचारी, घरात काम काढलंय का!

* * *

खालच्या मजल्यावरच्या नलूने यावर उपाय काढला. नातवाचं जुनं टोपडं होतं, झालरीचं, हनुवटीखाली बांधायच्या बंदांचं. फोडणी घालायच्या आधी ती स्टुलावर चढून ते डब्याला बांधायची. वर बघितलं की वाटे, कोणी तान्हं छताला उलटं चिकटून आपल्याकडे बघतंय. बांधायची आठवण राहायची, सोडायची राहायची नाही. ते टोपडं तिथेच राहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी तिवारीजी तपासायला आले. वर बघून थबकले. "भाभीजी, ये क्या है?"

नलू म्हणाली, "सर्दी बहुत है ना भाईसाहब!"

तिवारीजींनी स्वतः ते सोडलं, घडी घालून तिच्या हातात दिलं. "किसी दिन ये टोपी जान ले लेगी." सगळे हसले. ते नाही हसले. जळालेल्या फ्लॅटातला माणूस त्यांचा रोजचा फिरायचा सोबती होता, हे आम्हाला नंतर कळलं.

* * *

साठेकाका म्हणजे रिटायर्ड शास्त्रज्ञ. त्यांच्या घरात अलार्म थांबून थांबून पीं करायचा. सेल उतरला की तो तसं करतो. त्यांच्या बायकोने, विमलवहिनींनी, कुरकुर केली तेव्हा काकांनी गुपचूप डबाच उतरवला आणि लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात खाली दाबून ठेवला. "काढून टाकला, विषय संपला!"

विषय कसला संपतोय? डब्यात सेल तसाच! तो कपाटातून पीं करत राहिला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्यापुरती शांतता. विमलवहिनींना मात्र येता जाता पीं. फ्रिजजवळ कान लावला, इन्व्हर्टर बंद केला, मोबाइल उशीखाली घातला. काका म्हणायचे, "विमल, तुझ्या डोक्यात आहे ते." शेवटी बाई कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या, गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी चक्कर येऊ लागली.

मग कडाक्याची थंडी पडली. काकांनी स्वेटर बाहेर काढला, तर आतून डबा!

वहिनींनी एवढंच विचारलं, "आता मी गोळ्या थांबवू का?"

* * *

इतकं सगळं हसून सांगते आहे, पण मनात कुसुमच असते.

कुसुम तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. यजमान गेलेले, मुलगा नितीन बंगळूरला. वडील गेल्यापासून त्याचं एकच, घर विकू, तू इकडे ये. कुसुमचंही एकच, मी माझ्या घरातून हलणार नाही. एकदा वाद वाढला तेव्हा तिनेच सांगून टाकलं, "ज्या दिवशी माझं डोकं चालेनासं होईल, त्या दिवशी ने. एक शब्द बोलणार नाही."

त्या थंडीत तिचा डबा वाजायला लागला. कसा? पहाटे धुकं असताना पीं, पीं. ऊन वर आलं की गप्प! इलेक्ट्रिशियन यायचा दुपारी. बटण दाबायचा, डबा ठणाणा वाजायचा, म्हणजे सेलही ठीक. "माताजी, एकदम फर्स्ट क्लास है."

"अरे भैया, सवेरे बोलता है!"

"सवेरे तो मुर्गा बोलता है, माताजी."

तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा खाली जाऊन तिवारीजींना म्हणाला, माताजी के कान बज रहे हैं. तिवारीजी मनाने चांगले, काळजीने त्यांनी नितीनला फोन केला. तुमच्या आईला आवाज ऐकू येतात.

कुसुम गच्चीवर आली ती पांढरी पडलेली. "इंदू, तो म्हणतो, आई, तूच सांगितलं होतंस ना?"

* * *

मी म्हटलं, साक्षीला मी येते. पहाटे शाल गुंडाळून तिच्याकडे गेले. कुसुम कधी हीटर लावत नाही, बिलाला भिते. पण मी येणार म्हणून तिने पहाटेपासून हीटर लावून ठेवलेला! खोली कशी उबदार, आल्याचा चहा, बरोबर शंकरपाळे. आम्ही दोघी छताकडे तोंड करून बसलो. चहा झाला, दुसरा झाला. डबा चिडीचूप.

"रोज वाजतो गं," कुसुम म्हणाली.

"वाजत असेल," मी म्हटलं.

माझा तो सूर तिला कळला. तिने शंकरपाळ्यांचा डबा बंद केला.

* * *

नंतर एकदा सकाळी तिला दूध द्यायला गेले. हीटर बंद, खोली बर्फासारखी. दारातच ऐकलं. पीं!

"कुसुम, वाजला!"

ती स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझा हात धरून लहान मुलीसारखी रडली.

प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "सेल उतरत आलाय, आई. गारठ्यात दम टाकतो, ऊब आली की परत उभा राहतो. हीटर लावलात ना, म्हणून तेव्हा वाजला नाही. आज बदलून देतो."

कुसुमने साफ नाही म्हटलं. "सेलला हात लावायचा नाही. नितीन येतोय. त्याला त्याच्या कानाने ऐकू दे. आता बदलला तर मी वेडीच ठरेन ना!"

नितीनला मी फोनवरही सांगितलं, मी स्वतः ऐकलंय रे. तो म्हणाला, "काकू, तुम्ही दोघी एकाच वयाच्या." वर म्हणाला, "मी तिथे काळजीने झोपत नाही, हे तुम्हाला कोणाला दिसत नाही का?" आवाज थकलेला होता. खोटं बोलत नव्हता.

* * *

नितीन आला. येतानाच परतीची दोन तिकिटं घेऊन आला. उतरला हॉटेलात, म्हणाला, घरात थंडी फार. जाण्याच्या दिवशी पहाटेच आईला घ्यायला घरी आला.

कुसुमने मला बोलावून ठेवलं होतं. हीटर बंद होता. बाल्कनीचं दार तिने सताड उघडलं होतं, धुकं आत येत होतं. तिची बॅग दाराशी भरलेली होती, ती नितीनने रात्री भरून ठेवलेली. कुसुम खुर्चीत ताठ बसली होती, अंगावर शालही घेतली नव्हती.

"आई, दार लाव. आजारी पडशील."

"बस रे जरा. पाच मिनिटं बस."

तो बसला. फोनकडे बघत बसला. चहाच्या वाफा तेवढ्या वर जात होत्या.

पीं!

नितीनने मान वर केली. थेट डब्याकडे बघितलं.

कुसुम त्याच्याकडे बघत होती. "ऐकलंस?"

डबा पुन्हा वाजला. पीं!

नितीनने नजर खाली आणली. चहाचा कप उचलला, परत ठेवला.

"काय?" तो म्हणाला. "कुठे काय, आई?"

मी तोंड उघडलं. कुसुमने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला.

"नाही ना?" ती त्याला म्हणाली. "मग माझेच कान."

आणि उठून चपला शोधायला लागली.