पत्र वाचून दाखवणारा गोटीराम

गोटीराम पोस्टमन बोनकोड्यात शिरला की सायकलची घंटी वाजवायचा नाही, सरळ हाक मारायचा. "गिरजामावशी, पत्र आयलंय गो!" मग हातातलं काम टाकून बायका ओट्यापाशी जमायच्या. पत्र एकीचं, पण ऐकायला अर्धी आळी. गावात वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी कारखान्यात पाळीवर. तेव्हा पत्र नुसतं हातात ठेवून निघून जाणं म्हणजे गोटीरामच्या लेखी अर्धवट काम. लेकीचं गाऱ्हाणं असो की जावयाची बदली, तो ठासून वाचायचा आणि रडायच्या जागी जरा थांबायचासुद्धा. तो स्वतः त्याच गावचा. भाताची शेतं सरकारनं नव्या शहरासाठी घेतल्यावर सातवीच्या दाखल्यावर वाशीच्या पोस्टात लागलेला.

हे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालचं. वाशीत सेक्टर भरू लागले होते. एका नव्या बिल्डिंगीत साताऱ्याकडच्या जयमालाबाई नावाच्या शिक्षिका राहायला आल्या. त्यांचं पहिलंच पोस्टकार्ड गोटीराम दारात उभा राहून सवयीनं वाचू लागला. "चिरंजीव सौभाग्यवती जयमाला हिस अनेक आशीर्वाद. जावईबापूंची नोकरी सुटल्याचं समजलं..." शेजारचं दार किलकिलं झालं. बाईंनी कार्ड हिसकावूनच घेतलं.

"कोणाच्या परवानगीनं वाचलंत माझं पत्र?"

"परवानगी कसली, बाई? मी सगल्यांना फुकटच वाचून दाखवतो!"

बाईंना हसावं की रडावं कळेना. अखेर त्या म्हणाल्या, "गोटीराम, पत्रातलं कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे ज्याचं पत्र त्यानं ठरवायचं."

बिचारा त्या दिवशी खाली मान घालून परतला. सगळ्या गावाची सुखदुःखं आपण चव्हाट्यावर वाचत आलो, आणि वर त्याला सेवा म्हणत आलो, हे त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो पत्र घरात बसून, दार लोटून, हळू आवाजात वाचू लागला. बायका रुसल्या. "शहरात जाऊन शिष्ट झाला मेला," म्हणाल्या. खरं सांगायचं तर आळीची करमणूकच त्यानं बंद केली होती.

मग शहाऐंशी साल आलं. जमिनीसाठी निघालेल्या एका मोर्चात दगडफेक झाली, आणि गिरजाबाईच्या एकुलत्या एका देवजीचं नाव पोलिसांच्या यादीत चढलं. त्यानं दगड मारला की नाही देव जाणे, पण तो गाव सोडून गेला. महिन्याला त्याचं एक आंतर्देशीय पत्र यायचं. वरचा शिक्का दर वेळी वेगळ्या गावचा. कोणाकडे राहतो, काय करतो, ते सगळं आत. ते माहीत होतं दोघांनाच, गिरजाबाईला आणि वाचून दाखवणाऱ्या गोटीरामला.

गावात पुढारी दोन. सत्तेतल्या पक्षाचे भगवानशेठ आणि विरोधातले पंढरीशेठ. गटार कुठून न्यायचं इथपासून गावदेवीच्या पालखीला आधी खांदा कोणाचा इथपर्यंत दोघांचं कधी जमलं नाही. एका सकाळी हे दोघे चहाच्या दुकानात एकाच बाकावर बसलेले पाहून गोटीरामनं सायकल जागीच थांबवली. शेजारी साध्या कपड्यातले एक पोलीस साहेब होते. पोस्टमास्तर लेखी हुकमाशिवाय कोणाचंही पत्र हाती देणारे नव्हते. इथे वाचणारा माणूस आयताच होता.

"देवजी काय लिवतो तेवढं सांग," भगवानशेठ म्हणाले.

"सरकारचं काम हाय. यात पक्ष आनायचा नाय," पंढरीशेठांनी री ओढली. "ज्याचं लपवायसारखं काय नसंल त्यानं भ्यावं कशाला?"

"मग शेठ, उद्यापास्न तुमची दोघांची पत्रं हितंच मोठ्यानं वाचू?"

दुकानात हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. "नोकरी सरकारी आहे ना तुझी?" एवढंच विचारून उठले. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाले.

त्याच दिवसांत दिल्लीत टपाल उघडण्याच्या अधिकाराचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींची सही मात्र अडली. वर्तमानपत्रातलं हे जयमालाबाईंनी त्याला समजावून सांगितलं. गोटीराम म्हणाला, "तिकडं निदान वाद तरी चाललाय, बाई. आमच्या गावात दोन्ही पक्षांचं एकमत झालंय."

आणि तो घाबरला होता, हे का लपवावं? घरी दोन मुली होत्या. साहेबांनी आणखी दरडावलं तर आपल्या तोंडून निघून जाईल, हे तो ओळखून होता. म्हणून पुढचं पत्र आलं तेव्हा ते न फोडता त्यानं गिरजाबाईला बाईंच्या घरी नेलं.

"हिला वाचाया शिकवा. मना ह्यातलं कायच कलाया नको."

"मी वाचून दाखवते की."

"मग ते तुमाला इचारतील."

पन्नाशीची गिरजाबाई पाटी घेऊन बसली. तीन महिने गेले. देवजीची तीन पत्रं तांदळाच्या डब्यात तशीच बंद राहिली. पोराची खुशाली घरात असून आईला कळेना! ती रोज डबा उघडून त्यांवर हात फिरवायची, आणि गोटीराम तिच्या दारावरून मान फिरवून जायचा. साहेब दर महिन्याला विचारायचे. "ह्या महिन्याचं वाचलंच नाय, साहेब," तो सांगायचा, आणि ते शब्दशः खरं होतं.

चौथं पत्र तो घेऊन गेला त्या दिवशी गिरजाबाईनं त्याच्यासमोरच ते फोडलं. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचू लागली. मध्येच थांबली, डोळे पुसले, मग एकदम खुदकन हसली. गोटीराम सायकल धरून उभा. इतकी वर्षं त्या आळीतलं रडू आणि हसू आधी त्याच्या तोंडून गेलं होतं. त्याला राहवेना.

"काय लिवलंय गो, मावशी? बरा हाय ना?"

तिनं पत्राची घडी घातली, कनवटीला खोचली आणि पदरानं झाकली.

"नको इचारू रं लेकरा," ती म्हणाली, "उद्या ते तुला इचारतील."