चुडामणचा जांघिया

रनाळ्याची गजराबाई ऐन तारुण्यात विधवा झाली आणि धाकट्या भावाच्या, चुडामणच्या दारी परत आली. गावच्या चोळ्या शिवायची, भावजयीची बोलणी खायची. जीव मात्र भावावर.

चुडामण कुस्ती खेळायचा. लहानपणच्या तापात त्याची उजवी मांडी वाळलेली. आखाड्यात उतरला की समोरचा नेमका तोच पाय धरायचा. पडून आला की घरात भांडी आपटायचा. शेवटी त्यानंच गजराबाईपुढे जांघिया टाकला.

"बाई, दोन्ही मांड्या सारख्या दिसाले पाहिजे."

तिनं जाड खादीच्या थरांत कापूस घालून बारीक टाके मारले, घामानं ओघळू नये म्हणून. देताना म्हणाली, "भाऊ, ही शिवण फक्त देखाले शे. कोणाले हात घालू देऊ नको."

तो जिंकू लागला. जत्रेजत्रेत फेटे मिळाले.

मग कोरीटच्या आखाड्यात धनसिंग नावाच्या मल्लानं उचलायला म्हणून जांघियातच हात घातला. शिवण उसवली, कापूस बाहेर आला. लोक हसून लोळले. धनसिंगला वाळलेला पाय कळला. त्यानं तो गुडघ्याखाली घेऊन पिळला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला. मग त्यानं कापसाचा बोळा फेट्यात खोचला आणि वाजतगाजत मिरवला.

जखमी चुडामणला पंचांनी विचारलं, "ही फसवणूक कोणाची?"

"माले काय माहीत? बहीणनीच कापूस भरेल शे."

गजराबाईला बोलावलं. तिनं भावाकडं पाहिलं. त्यानं मान फिरवली.

"हा, मीच भरेल शे," ती म्हणाली. "त्याले माहीत नव्हतं."

त्याच आठवड्यात भावजयीनं तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. चुडामण आत खाटेवर पडून होता. त्यानं हाक मारली नाही.

नंदुरबारात हुलासबाईनं, एका मारवाडी कापडवाल्याच्या बायकोनं, तिला शिवणाला ठेवलं. काही वर्षांनी मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला चुडामण काठी टेकत त्याच दुकानात आला. गजराबाई धावत पुढं झाली. तो हुलासबाईला म्हणाला, "हिच्यावर नजर ठेवा. लबाड बाई शे. मन्हा पाय हिनीच खाया."

हुलासबाईनं तिला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही.

त्याच उन्हाळ्यात धर्मशाळेच्या ओट्यावर ती वारली. निरोप रनाळ्याला वेळेवर पोहोचला. घरात हळद चालली होती. सुतकानं लग्न अडायला नको म्हणून चुडामण म्हणाला, "आमनी बहीण कधीच मरी गई," आणि निरोप्याला पाणीही न विचारता परत लावून दिलं.