चढावरची खडखड

फोन मलकपेठहून आला. आक्काच्या शेजारच्या नसीमआपा बोलत होत्या. "विलासभाई, आक्का दरवाजा नईं खोल रईं. सुबो से दो बार बेल मारी मैं. सुनते नईं ना, इसलिए पहले फिकर नईं करी…" मी नारायणगुड्याहून रिक्षाने निघालो आणि माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आक्का कुशीवर झोपलेली होती. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. पेपरवाला, कामवाली, सगळे बेल वाजवून परत गेले होते. आक्काला ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक… त्यामुळे तिचं दार बंद राहिलेलं कुणाला खटकलंच नाही.

आमचे वडील नांदेडकडून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. आक्का माझी थोरली बहीण. वीज खात्यात नकाशे काढायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "नक्को बाबा" म्हणून हसायची. ऐन उमेदीत तिने एक जुनी गाडी घेतली. मेकॅनिक सारखा उद्या ये म्हणायचा, म्हणून हळूहळू ती स्वतःच बॉनेट उघडायला लागली. त्यातही टायमिंग लावणं तिच्या विशेष आवडीचं. मला समजावून सांगायची, सिलिंडरमध्ये ठिणगी नेमक्या वेळी पडली पाहिजे. उशिरा पडली तर गाडी मरगळते, फार आधी पडली तर चढावर खडखडते, रिकाम्या डब्यात वाटाणे हलवावेत तशी. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचा, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, नट आवळायचा आणि गाडी चढावर न्यायची. "लाइट मारून चाकावरची खूण दिसते रे," ती म्हणायची, "पण शेवटचं काम कानाचं."

निवृत्तीनंतरची गोष्ट. एका रविवारी तिने टायमिंग लावलं आणि मला शेजारी बसवून फ्लायओव्हरवर निघाली. चढ लागला आणि इंजिन खडखडायला लागलं, अगदी डबा हलवल्यासारखं. आक्का मात्र खुशीत होती. "बघ, किती गोड चाललीय!" मी म्हटलं, "आक्का, खडखडतेय." "काय?" "खडखडतेय गं!" तिने पूल उतरून गाडी कडेला घेतली आणि मला चालवायला लावली. पुन्हा त्याच चढावर ती डोळे मिटून, मान पुढे काढून बसली. आवाज येतच होता. मी तिच्याकडे पाहिलं. "मला नाही येत," ती म्हणाली. त्याआधी बरेच महिने आम्ही घरात म्हणत होतो की हिचं हल्ली लक्ष नसतं.

डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. कानाचं मशीन घेतलं, पण चारचौघांत ती ते काढूनच ठेवायची. "चमचे ऐकू येतात, माणसं नाही येत." विहारात वंदना सुरू झाली की तिचा आवाज सगळ्यांच्या पुढे निघून जायचा, मुलं वळून बघायची. मग ती मागे बसायला लागली, मग यायचीच बंद झाली. माझ्या घरी जेवायला आली तरी सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसायची… ते मला बघवत नसे.

गाडी मात्र तिने सोडली नाही. कान गेल्यावर रस्त्यावर चालवणं तिने आपणहून बंद केलं, पण बॉनेट तिचंच राहिलं. रविवारी मी गाडी चढावर न्यायचो, ती शेजारी बसून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. खडखड झाली की मी तळहात उचलायचो. पूल उतरून थांबलो की ती नट सैल करून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायची. पुन्हा चढ. तेवढा वेळ तिच्याशी ओरडून बोलावं लागत नसे. एकदा जमलं, नीट लागली गाडी. ती म्हणाली, "आता कशी वाजतेय? सांग ना." मी वहीच्या पानावर लिहिलं, 'आईच्या शिलाई मशीनसारखी.' तिने ते वाचलं आणि चालू इंजिनाच्या बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी घर रिकामं करायला गेलो. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, ती कार विकून टाका, परेशान नका होऊ." बॅटरी उतरली होती. नसीमआपांच्या मुलाने धक्का दिला, गाडी सुरू झाली. एरवी आक्काला आणि गाडीला तिथे सोडून मी बसने परतायचो. त्या दिवशी गाडी घेऊन एकटाच नारायणगुड्याला निघालो. पूर्ण चढ गेला, जराही खडखड नाही. टायमिंग तिने अचूक लावून ठेवलं होतं.

सिग्नलला थांबलो तेव्हा सवयीने डावीकडे मान वळवली. शेजारची सीट पार पुढे ओढलेली होती. आक्का ठेंगणी, तिचे पाय समोर टेकावेत म्हणून ती तशी ओढून घ्यायची. माझी बायको आता त्या सीटवर बसते तेव्हा तिचे गुडघे समोर आपटतात. "जरा मागे सरकवा ना," ती म्हणते. मी हो म्हणतो… आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसते.