वहीतलं कापलेलं पान

मी मुळातच संशयी बाई आहे. दूधवाल्याने दूध ओतलं की त्यात बोट बुडवून बघते. भाजी घेताना माझी नजर पारड्यातल्या वांग्यांवर नसते, वर काट्यावर असते. कंडक्टर म्हणाला की मागून गाडी येऊन राहिली, तर मला हमखास वाटतं की मागून काहीही येत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा, आणि सासूबाई म्हणायच्या की ही देवापुढे हात जोडते तेसुद्धा एक डोळा चपलांवर ठेवून. ते खरंच होतं.

हे सांगते आहे ते नव्या हिंगोली जिल्ह्याची पाटी रंगवून थोडीच वर्षं झाली होती तेव्हाचं. मी औंढ्यात अंगणवाडी सेविका होते. अंगणवाड्या तपासायला जी सुपरवायझर येते, त्या जागेची परीक्षा आम्हा सेविकांनाही देता येईल असं महिन्याच्या मीटिंगमध्ये कळलं. पेपरात इंग्रजीही होतं, आणि इंग्रजीत भर होता तो दोन-दोन शब्दांच्या क्रियापदांवर.

या क्रियापदांवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. पण दोघं एकत्र आले की अर्थ होतो हार मानून सोडून देणे. टर्न म्हणजे वळणे, डाऊन म्हणजे खाली. एकत्र आले की नकार देणे. सरळ माणसं अशी वागत नाहीत. आणि परीक्षेत विचारणार काय, तर या जोडीच्या उलट अर्थाचा एकच शब्द. गिव्ह अपच्या उलट कंटिन्यू, म्हणजे चालू ठेवणे. टर्न डाऊनच्या उलट अॅक्सेप्ट, म्हणजे स्वीकारणे. पोळ्या लाटता लाटता मी हे पुटपुटायची आणि घरातले हसायचे.

माझ्यासोबत परीक्षेला बसणारी जवळा बाजारकडची एक सेविका होती. मी तिला जवळ्याची ताई म्हणायची. घरची मेंढरं-शेरडं, नवरा आठ-आठ दिवस कळपामागे. बारावी तिने लग्नानंतर, दोन लेकरं झाल्यावर केली होती. मोठ्या मुलाचं आता लग्न ठरत होतं. वयाची अट बघता तिची ही पहिली आणि शेवटची संधी होती, आणि ते ती लपवत नव्हती. "या खेपेला न्हाई झालं तर मंग न्हाईच, ताई," असं ती मला दोनदा तरी म्हणाली असेल.

तिच्या गावात एक रिटायर गुरुजी होते. त्यांनी एकेक सांगून तिच्याकडून ही सगळी क्रियापदं उलट अर्थांसकट लिहून घेतली होती. ती दोनशे पानी वही तिने एका मीटिंगनंतर न मागता माझ्या हातात ठेवली. "ठेवा आठ दिवस. माझं पाठ झालंय."

झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. दोघी एकाच परीक्षेला, जागा थोड्या, आणि ही बाई आपली वही अशी देते? घरी येऊन मी ती पानोपान तपासली, आणि कुठे पाणी मुरतंय ते मला सापडलं. मधलं एक पान ब्लेडने कापलेलं होतं. शिवणीपाशी बोटभर पट्टी तेवढी उरली होती. म्हणजे पेपरात येणारे शब्द होते ते काढून घेतले आणि भुसा माझ्याकडे पाठवला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. माझा संशय खोटा नव्हता.

वही परत द्यायच्या दिवशी तिने विचारलं, "तुमच्या गाईडमधले काही नवे असतील तर माझ्या वहीत लिहून देता का? तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी लिहून दिले. कोऱ्या पानावर, रेघ आखून, दहा क्रियापदं. त्यातली पाच बरोबर. उरलेल्या पाचांपुढे मी उलट अर्थाच्या जागी त्याच अर्थाचा शब्द लिहिला. टर्न डाऊनपुढे अॅक्सेप्ट नाही, रिफ्यूज. म्हणजे नकारापुढे पुन्हा नकारच. उद्या कुणी पकडलंच तर म्हणता आलं असतं की मला वाटलं समान अर्थाचे विचारलेत. एवढी अक्कल मी लढवली होती. तिने ते पान वाचलं, ओठ हलवत दोनदा म्हणून पाहिलं आणि मला म्हणाली, "लई उपकार झाले."

परीक्षा हिंगोलीच्या एका शाळेत होती. गेट उघडायला वेळ होता, म्हणून आम्ही दोघी भिंतीच्या सावलीला डबा घेऊन बसलो. तिने मला शेंगदाण्याच्या चटणीचा अर्धा वाटा दिला. माझ्याने राहवेना. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तुमच्या वहीतलं एक पान कापलेलं दिसलं. काय होतं त्यावर?"

"ते व्हय? ते चुकलं व्हतं," ती म्हणाली. "गुरुजी सांगून राहिले व्हते अन् लिहिता लिहिता माझी एक ओळ खाली सरकली. ह्याचं उलट त्याच्यापुढं गेलं. तुमाला वही द्यायची व्हती ना. तुमी चुकीचं पाठ कराल म्हणून कापलं."

गेट उघडायला अजून दहा-पंधरा मिनिटं होती. पाच शब्द सांगायला तेवढी खूप झाली. 'ताई, मी लिहिलेलं तेवढं विसरा,' एवढंच म्हणायचं होतं. पण माझा स्वभाव माझ्या मदतीला धावून आला. मला वाटलं, ही खरं बोलते कशावरून? विचारल्यावर लगेच उत्तर तयार होतं, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं असणार. मी डबा बंद केला. शिपायाने गेट उघडलं आणि आम्ही आत गेलो.

पेपरात टर्न डाऊन होता. माझ्या पानावरच्या त्या चुकीच्या पाचांपैकी आणखी दोन होते. मी बरोबर लिहिले. निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव शेवटून दुसरं होतं आणि तिचं नव्हतं. मोजक्याच मार्कांनी राहिली. ती पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या घरी आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "माझंच पाठांतर कच्चं पडलं." मी मान डोलावली. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली आणि मी ती पेढ्यासोबत गिळली.

काही वर्षांनी जवळ्याकडची गावं माझ्याकडे आली. तिची अंगणवाडीही त्यात होती. मी तपासायला गेले तर ती लेकरांची वजनं करत होती. छताला काटा टांगलेला, झोळीत लेकरू. मला आता ती मॅडम म्हणत होती. तिची सून दुसऱ्या वस्तीवर सेविका झाली होती आणि तीच परीक्षा देणार होती. त्या दिवशी तीही तिथे आली होती. तिने सासूची वही माझ्यापुढे केली. "मॅडम, आत्याबाईंची हाय. इंग्रजी जरा तपासून देता का?"

मी पानं उलटली. कापलेल्या पानाची ती बोटभर पट्टी होती तिथेच होती. आणखी पुढे गेले. जिथे माझं अक्षर असायला हवं होतं, तिथे दुसरी पट्टी होती. तशीच, ब्लेडने सरळ कापलेली.

ते पान कधी कापलं असेल? निकालानंतर, गुरुजींना दाखवल्यावर? की पेढे आणले त्याच्या आधीच? विचारल्याशिवाय राहणं मला जमत नाही, ते तेव्हाही जमलं नाही.

"ताई, या पानावर काय होतं?"

तिने झोळीतलं लेकरू सावरलं. "ते व्हय? ते चुकलं व्हतं, मॅडम. पोरगी चुकीचं पाठ करंल म्हणून कापलं."

आवाज त्या भिंतीच्या सावलीतल्याइतकाच साधा होता. मग तिने काट्याकडे पाहून वजन सांगितलं. मी मान वर न करता ते तसंच लिहून घेतलं.