जागेवर बसलेला सूर

परदेशात ऑपेरा गाणाऱ्या बाईनं एखादं उडतं गाणं म्हटलं की तिथले समीक्षक म्हणे वर्षभर त्यावर लिहितात. जळगावात कामिनी नारखेडे यांनी जवळपास तेच केलं, तेव्हा कुणी काही लिहिलं नाही. त्यांच्या गाण्याच्या क्लासमधून काही आयांनी मुली काढून घेतल्या, त्याहून जास्त आयांनी घातल्या, एवढंच.

कामिनीबाई मूळच्या असोद्याच्या, केळीवाल्या घरातल्या. त्यांना ख्याल शिकवला तो प्रेमराजनानांनी. नाना जळगावातले जुने गवई, आणि कुणाची स्तुती न करण्याच्या बाबतीत अगदी व्रतस्थ. बाई फ्रॉक घालून त्यांच्याकडे शिकायला गेल्या, आता केस पांढरे व्हायला लागले. एवढ्या काळात नानांचा अभिप्राय बदलला नाही. "सूर जागेवर बसत नाही तुझा." लग्न झालं, क्लास निघाला, विद्यार्थिनी विशारद झाल्या. बाई रोज पहाटे तंबोरा घेऊन बसतच राहिल्या. लोकांना वाटे त्यांना मोठं नाव हवंय. त्यांना हवं होतं नानांचं एक "छान".

नानांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं, तेव्हा बाईंनी समितीचे अध्यक्ष हेमराजभाऊंकडे गाण्यासाठी तासभर मागितला. हेमराजभाऊंचं ठिबकचं दुकान. संस्कृतीकडेही ते थेंबाथेंबानंच पाहत.

"ताई, सरस्वतीवंदना तुमचीच. पण तासभर? खुर्च्या भरायला नाव लागतं."

"मी नानांची शिष्या आहे, भाऊ."

"ते नानांना माहीत आहे. खुर्च्यांना नाही."

नाव करायला बाई धुळ्याला गेल्या. देवपुरात भूपेंद्रचा स्टुडिओ होता, मोबाइलच्या दुकानावर, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेला. हळदीत डीजेवर वाजणारी अहिराणी गाणी तिथे तयार होत. बाईंच्या वाट्याला आलेल्या गाण्यात विहीणबाईंचा गॉगल हरवतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सापडत नाही. बाईंनी ते डोळे मिटून, मन लावून गायलं. भूपेंद्रनं हेडफोन काढला.

"अक्का, आवाज भारी शे. पन सूर मझार मझार हालस ना, ते बठ्ठं मशीनमा सरळ करी टाकू."

"अहो, ती मींड आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जायची वाट असते ती."

"मशीनले मींड समजस नही, अक्का. मशीनले वाटस, सूर चुकना."

मशीनचं आणि नानांचं मत एकच निघालं, म्हणून बाईंनी ते सरळ करू दिलं.

गाणं चाललं. पारोळ्यापासून चाळीसगावापर्यंत त्या लग्नसराईत एकही विहीण गॉगलशिवाय नाचली नाही. मग हेमराजभाऊ स्वतः घरी आले. तासभर काय, सगळी संध्याकाळ तुमची म्हणाले. शेवटी फक्त ते गाणं तेवढं म्हणायचं. बाईंनी हो म्हटलं. आधी ख्याल ऐकवता येणार होता, आणि नाना समोर असणार होते.

सभागृह भरलं. नाना पहिल्या रांगेत, कानाला यंत्र लावून. शब्द आपल्याला आता कळत नाहीत, सूर मात्र बरोबर कळतो, असं ते सर्वांना सांगत. बाईंनी मुलतानी सुरू केला. विलंबित रंगात येतो न येतो तोच मागून "गॉगल! गॉगल!" सुरू झालं. हेमराजभाऊंनी विंगेतून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. बाईंनी मुलतानी गुंडाळला आणि पेटीवर गॉगल धरला; स्वतःच्या गळ्यानं, मींडेसकट.

लोकांनी दोन ओळी ऐकून घेतल्या. मग एकजण उभा राहिला.

"हाई ओरिजिनलसारखं नही शे! ओरिजिनल लावा ना!"

"बाईले येस नही का स्वतःनं गानं?" दुसरा म्हणाला, आणि सभागृह हसलं.

साउंडवाल्याला हेमराजभाऊंनी खूण केली. बाईंचा माइक बंद झाला, ट्रॅक सुरू झाला. बाई पेटीवर बोटं ठेवून ओठ हलवत राहिल्या. बायका खुर्च्यांमधल्या वाटेत नाचल्या. टाळ्या अशा पडल्या की नानांनी दचकून यंत्र चाचपलं.

नंतर आतल्या खोलीत बाई पाया पडायला गेल्या. नानांनी त्यांचा हात धरून ठेवला.

"मुलतानी नेहमीसारखाच. निषाद लटपटत होता. पण शेवटी जे म्हटलंस ना, काय होतं ते? शब्द लागले नाहीत मला. पण सूर! एकेक सूर जाऊन जागेवर बसला. छान. फार छान गायलीस."

खोलीत ट्रॅक घेऊन धुळ्याहून आलेला भूपेंद्र होता, हेमराजभाऊ होते. दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लक्ष घातलं.

"तुमचीच कृपा, नाना," बाई म्हणाल्या.

"तेवढीच एक ओळ म्हण बघू. जवळून ऐकू दे."

बाई खाली बसल्या. नानांनी यंत्रामागे तळहात धरला. बाईंनी ओळ म्हटली. सरळ म्हणायचा प्रयत्न केला. पण नानांनीच शिकवलेली मींड दुसऱ्या शब्दालाच आली, आणि मग त्यांनी ती आवरली नाही.

नानांनी हात खाली घेतला.

"घालवलास," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी सापडलेला सूर तुला अर्धा तास सांभाळता येत नाही, कामिनी."

"हो, नाना."

"नाना, फोटो राहिलाय," हेमराजभाऊ लगबगीनं म्हणाले, "ताई, तुम्ही जरा नानांच्या खुर्चीमागे उभ्या राहा." बाई उभ्या राहिल्या. फोटोग्राफरनं त्यांना हसायला सांगितलं. तेही त्यांनी केलं.