मोऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जॅकेटची ट्रायल

“किती मासं ठेवायचं हाय?” नरेशने फोनवर विचारलं.

“मासे नाहीत. माणूस ठेवायचाय. अर्धा तास.”

“जित्ता?”

“सध्या तरी.”

नरेश मोरा बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. त्याची बायको पनवेलला आमच्या युनिटमध्ये शिलाई मशीनवर बसते, त्यामुळे ओळख. मी तिथे पॅटर्न मास्टर. म्हणजे कपडा शिवण्याआधी त्याचा प्रत्येक तुकडा कागदावर मी काढते. तुकडा चुकला की बोलणी मला, जमला की कौतुक मालकाचं.

मालक जयेशभाई. आजवर आम्ही शाळेचे गणवेश आणि रेनकोट शिवले. डिसेंबरात खारघरहून अनघा मॅडम आल्या. बँकेत अधिकारी, आणि सुट्टीत डोंगरातल्या कच्च्या वाटांवर माउंटन बाइक चालवणाऱ्या. अकरा जणांना घेऊन त्या हिमाचलात निघाल्या होत्या, तेही बर्फाच्या दिवसांत. त्यांना बारा जॅकेट हवी होती.

पहिलं सॅम्पल मी पुतळ्यावर चढवलं. झकास दिसलं. मॅडमनी ते घातलं, सायकलवर बसून हँडलकडे वाकल्या आणि मागे कंबर वीतभर उघडी पडली. चूक माझीच. पुतळा उभा असतो, त्याला काय सायकल चालवायचीय? मी पाठ लांबवली, बाह्या वाढवल्या.

खरी भानगड कापडाची होती. जयेशभाईंनी रेनकोटचंच कापड उचललं होतं, आतून फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ अस्तर.

“पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही,” ते म्हणाले.

“आणि घामाचा एक थेंब बाहेर पडणार नाही,” मी म्हटलं. “चढावर आतून भिजतील, उतारावर वारा लागला की गारठतील. बगलेत चेन लावू या. चढावर उघडायची, उतारावर बंद करायची.”

“थंडीच्या जॅकेटला भोकं? नीलाताई, उद्या छत्रीला खिडकी लावाल तुम्ही!”

“मागच्या वर्षी आमच्यातल्या एकाचं असंच झालं,” मॅडम म्हणाल्या. “उतारावर बोटं आखडली, ब्रेक दाबता येईना. वाटेत मातीचा ढीग होता, त्यात घुसला म्हणून वाचला. नाहीतर पुढे दरीच होती. मला खात्री करून हवीय.”

आता पनवेलमध्ये थंडी आणायची कुठून? इथे लोक स्वेटर हौसेखातर घालतात. म्हणून नरेशला फोन.

रविवारी सकाळी आम्ही मोऱ्याला पोचलो. मॅडमनी सायकल ट्रेनरवर चढवली. ट्रेनर म्हणजे मागचं चाक जागच्या जागी फिरू देणारा स्टँड. खोलीत शून्याच्या जरा वर तापमान, दोन्ही बाजूंना पापलेटचे क्रेट. मॅडम बसायला निघाल्या, तर जयेशभाईंना मर्दुमकी सुचली.

“पाहुण्यांना कशाला त्रास? मी बसतो.”

मी मुळीच अडवलं नाही.

सुती बनियन, वर जॅकेट आणि पोट सांभाळत त्यांनी वीस मिनिटं पेडल मारली. चेहरा लालबुंद.

“बघा! घाम फुटला मला. कुठाय तुमची थंडी?”

“आता उतरा आणि त्या गार हवेच्या पंख्यासमोर उभे राहा,” मी म्हटलं. “उतार लागलाय असं समजा.”

पहिलं मिनिट त्यांनी फ्लीसची तारीफ केली. दुसऱ्या मिनिटाला हात चोळले. तिसऱ्याला बोलणं थांबलं, आणि जयेशभाईंचं बोलणं थांबताना मी प्रथमच पाहत होते. मग दात वाजायला लागले.

“शेट, आमचा हलवा मासा पन एवडा हलत नाय,” नरेश म्हणाला.

मॅडम हसल्या. मीही हसले.

“ब्रेक दाबून दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

जयेशभाईंनी हात हँडलवर ठेवला. बोटं वळेनात. ओठ निळसर दिसायला लागले होते. माझं हसू गेलं. जिंकायच्या नादात मी साठीला आलेल्या माणसाला माशांच्या खोलीत उभं केलं होतं.

“नरेश, दार उघड! आधी उघड!”

बाहेर उन्हात त्यांना बसवलं. नरेशने बनियन उतरवून पिळला, तर पाण्याची धार लागली. त्याने आपला कोरडा शर्ट दिला, कोरा चहा दिला. पोलिसांना काय सांगायचं याची मी मनात तयारी करत होते. दोन ग्लास चहा संपल्यावर जयेशभाईंना वाचा फुटली.

“बगलेत चेन किती इंच?”

“बारा.”

“चौदा लावा.”

आम्ही चौदा लावली. पाठीवर जिथे सॅक टेकते, तिथे आत जाळी घातली. सुती बनियन घाम धरून ठेवतो, म्हणून तो घालायचा नाही आणि चढ संपला की आतला कपडा बदलायचा, असा कागद प्रत्येक खिशात टाकला. मजकूर जयेशभाईंनी स्वतः सांगितला. अनुभवी माणूस.

मॅडमचा फोन तीन आठवड्यांनी आला. उतारावर एकाची सायकल मोडली होती. भर वाऱ्यात तासभर सगळे अडकले, पण कोणाची बोटं आखडली नाहीत. तक्रार एकच. हातमोजे घालून बगलेची चेन पकडता येत नाही, तिला नाडी हवी होती.

हे मला सुचायला हवं होतं. पण ट्रायलच्या दिवशी जयेशभाईंना हातमोजे द्यायचे राहूनच गेले होते, नाहीतर जॅकेटची पुढची चेन ओढतानाच हे कळलं असतं. थोडक्यात, ट्रायल घ्यायची तर पूर्ण वेशात घ्यावी. मालक दुसऱ्यांदा आत जात नाहीत.