भाजणीचा खोका

मार्केटिंग शिकायला लागले त्या वर्षी मला जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत होतं. लालबागच्या पुलालगतच्या होर्डिंगवरची आई डाळीला फोडणी देताना खदाखदा का हसते, यावर मी बसच्या रांगेत भाषण द्यायचे. आमच्या मिक्सरला अकरा बटणं आणि आई वापरते एक, म्हणजे डिझायनर गाढव. जेवणाचं अ‍ॅप भरदुपारी ‘तुझी आठवण येतेय’ असा मेसेज पाठवायचं, तेव्हा मी म्हणायचे, “शी! आठवण अशी विकतात का?” मैत्रिणी म्हणायच्या, “बस कर गं, डोकं उठलं.” पण गप्प बसेन तर ती मी कसली!

घरी, काळाचौकीत, आई थालीपिठाची भाजणी करून विकायची. बाबा गेल्यापासून घर त्यावरच चालत होतं. भाजणी स्टीलच्या डब्यांतून जायची, प्रत्येक डब्यावर आजोबांचं नाव कोरलेलं. डबा संपला की गिऱ्हाईक तो परत आणून द्यायचं, तोही रिकामा नाही. कधी चार लिंबं, कधी मूठभर साखर, कुणी गावची आमसुलं. मग दारात उभ्याउभ्या तासभर गप्पा. मला हे सगळं भयंकर मागासलेलं वाटायचं.

कॉलेजात प्रोजेक्ट आलं: एखाद्या घरगुती धंद्याचा ब्रँड करा. घ्या! मी बाह्या सावरल्या. तपकिरी पुठ्ठ्याचा खोका काढला. समोर पारदर्शक खिडकी, म्हणजे माल दिसावा. मागे क्यूआर कोड, स्कॅन केला की ऑर्डर. आणि वर इंग्रजीत एक ओळ, जी मी आईला तीनदा समजावली आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा निघाला.

“सगळं छान आहे,” आई म्हणाली, “पण मग डबा परत कसा येणार?”

“अगं, तोच तर फायदा! परत यायलाच नको. कुणाला कटकट नाही.”

डबे धुऊन-पुसून माळ्यावर गेले.

सर्व्हेही केला मी. खोका कसा वाटला, एक ते पाच? सगळ्यांनी पाच दिले. आमच्याकडे दारात आलेल्या पोरीला तिच्या तोंडावर तुझी वस्तू वाईट आहे असं कोण सांगतं? दादरच्या काकू तर म्हणाल्या, “सहा लिही गं, तुझी आई किती राबते.” मी ते सहासुद्धा आलेखात घातले. सरांनी वर्गात माझा खोका उंच धरला. “बघा, ग्राहकाच्या वाटेतला प्रत्येक अडथळा हिने काढून टाकला!” पहिला नंबर. आठवडाभर मी जमिनीवर नव्हते.

घरी अडथळे खरोखरच संपले. दाराशी कुणी येईनासंच झालं. भाजणी पिंपात तशीच पडून. मी निदान केलं, जाहिरात कमी पडतेय. रील केली. लाइक्स आल्या, त्याही नागपूरहून. आई दुपारी दाराकडे तोंड करून बसायची आणि विचारलं की म्हणायची, “वारा येतो गं इथे.” असे दोन महिने गेले.

मग दादरच्या भाजीबाजारात त्या सहावाल्या काकू भेटल्या. “काकू, भाजणी का नेत नाही हो हल्ली?” मी थेटच विचारलं.

“अगं, आठवणच राहत नाही बघ. पूर्वी रिकामा डबा ओट्यावर दिसायचा. तुझ्या आईचा डबा अडकलाय, द्यायला हवा, असं व्हायचं. द्यायला आले की भरलेला घेऊन जायचे. खोक्याचं काय, संपला, टाकला. छान होता हो पण!”

मी पालकाची जुडी हातात घेऊन तशीच उभी. आठवण विकणाऱ्या अ‍ॅपवर तोंडसुख घेणारी मी, आणि घरची फुकटातली आठवण मीच माळ्यावर चढवली होती. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्याच दिवशी डबे खाली काढले. आईने ते भरले आणि मी घरोघर पोचवायला निघाले. शेवटचा डबा माझगावच्या आजींचा, आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सुनेने दार उघडलं. आजी खाटेवर. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याला दीड महिना होत आला होता.

“तुझी आई कशी आली नाही गं?” आजींनी विचारलं. “पूर्वी डबा आठ दिवस जास्त राहिला की लगेच चौकशीला यायची, बरं आहे ना म्हणून. मी रोज सुनेला विचारते, आली का.”

मी डबा ठेवायला वाकले. उशाशी माझा खोका होता, त्यात औषधं.

“टाकू नाही दिला मी,” आजी म्हणाल्या. “तू केलायस ना. खिडकी फार सोयीची हो. पडल्यापडल्या कळतं, गोळ्या किती उरल्या.”

जिन्यात येऊन मी आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तिथेच थांब. आलेच मी.” दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.